मधुमेह आणि घरचं जेवण: बाजाराच्या पिशवीपासून ताटापर्यंत

मधुमेहाचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आता यांना खायला काय द्यायचं?" आणि लगेच दुसरा, "काय काय बंद करायचं?" मग बऱ्याच घरांत दोन स्वयंपाक सुरू होतात. घरासाठी नेहमीचा आणि पेशंटसाठी वेगळा, बिनतेलाचा, अळणी. हे पंधरा दिवस चालतं, फार तर महिनाभर. नंतर करणारी दमते, खाणारा कंटाळतो आणि सगळं पूर्वीसारखं होतं.

जालना जिल्ह्यातल्या साध्या घरात जे रोज शिजतं ते बघा. ज्वारीची भाकरी, वरण, पिठलं, मेथी, वांगी, मटकीची उसळ. मधुमेहात टाळावं असं यात फार थोडं आहे. गडबड पदार्थांत कमी आणि मापात जास्त असते. धान्य पोटभर, वरण पातळ आणि भाजी तोंडी लावण्यापुरती, असं ताट असतं. हे ताट बदलायचं तर आधी बाजाराची पिशवी बदलावी लागते. पिशवीतून घरात जे आलंच नाही, ते ताटात कुठून येणार?

ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांच्यासाठी मापाइतकीच जेवणाची वेळ महत्त्वाची आहे. वेळ चुकली तर साखर एकदम खाली येते, आणि तो धोका काही मिनिटांतला असतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर निदान तो भाग घरातल्या सगळ्यांनी वाचा.

भाकरीने साखर वाढते का?

होय, वाढते. "डॉक्टर, मी पोळी सोडली, आता फक्त भाकरीच खातो" असं सांगणाऱ्यांची साखर तशीच राहते, याचं कारण हेच. ज्वारी असो, बाजरी असो की गहू, १०० ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि पचल्यावर त्यांची साखरच होते. ज्वारी चांगलीच आहे. ती आपल्याकडे पिकते, तिचं पीठ कोंड्यासकट दळलं जातं, भाकरीला तेल लागत नाही आणि बऱ्याच घरांत मीठही घालत नाहीत. पण पोळीच्या जागी तेवढ्याच वजनाची भाकरी आली, तर साखरेत मोठा फरक पडेल अशी आशा ठेवू नका.

तुमच्या घरची भाकरी केवढी आहे हे एकदा मोजा. त्यासाठी काटा लागत नाही. एक किलो पिठाच्या किती भाकरी होतात तेवढं मोजलं की झालं. वीस झाल्या तर एक भाकरी ५० ग्रॅमची, दहा झाल्या तर १०० ग्रॅमची. शेतावर जाणाऱ्यांच्या घरातली भाकरी बहुतेक वेळा दुसऱ्या मापाची असते. "मी दोनच भाकरी खातो" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. एकाच्या दोन म्हणजे १०० ग्रॅम पीठ आणि दुसऱ्याच्या दोन म्हणजे २०० ग्रॅम.

तुलनेसाठी एक आकडा देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी सगळं धान्य मिळून २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, बटाटा सोडून भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असं दिवसभराचं ताट दिलं आहे. हे निरोगी माणसाचं माप आहे. बैठं काम, वाढलेलं वजन आणि मधुमेह असेल तर धान्य याहून कमी लागतं. दिवसभर कपाशी वेचणाऱ्या किंवा ओझी उचलणाऱ्या माणसाला जास्त लागेल. तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. भाज्या धान्यापेक्षा वजनाने जास्त आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. आपल्या बहुतेक ताटांत याच्या अगदी उलट असतं.

दुसरी सोपी परीक्षा घरच्या ग्लुकोमीटरवर होते. जेवणाआधी साखर मोजा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. एक दिवस नेहमीचं जेवण घेऊन मोजा, दुसऱ्या दिवशी एक भाकरी कमी आणि भाजी-वरण दुप्पट घेऊन मोजा. बहुतेक पेशंटसाठी दोन तासांनंतरची साखर १८० च्या आत असावी असं आम्ही धरतो. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की माझ्यासारख्याने अर्धा तास समजावून सांगायची गरज उरत नाही.

रेशनचा तांदूळ

शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळतं. ते बहुतेक गहू आणि तांदूळच असतं. फुकट मिळालेला तांदूळ खाऊ नका असा सल्ला मी देत नाही, तो कोणी पाळतही नाही. ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी १६५ ग्रॅमच्या आसपास. हे माप मुळात वाईट नाही. अडचण होते ती हे धान्य घरच्या ज्वारीच्या वर, जास्तीचं म्हणून खाल्लं जातं तेव्हा. दोन भाकरी झाल्या आणि वर वाडगाभर भात. भात खायचा त्या जेवणाला भाकरी अर्धी करा किंवा घेऊच नका. भात एक छोटी वाटी, त्यावर घट्ट वरण आणि बाजूला तेवढीच भाजी. रात्रीपेक्षा दुपारच्या जेवणात भात घेतलेला बरा, कारण त्यानंतर हालचाल होते.

या तांदळात काही दाणे वेगळे, थोडे पिवळसर दिसतात. पाण्यात ते तरंगतातही. "प्लास्टिकचा तांदूळ आलाय" म्हणून बायका ते निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून केलेले ते पोषणयुक्त दाणे आहेत. ते निवडू नका आणि तांदूळ चार-पाच पाण्यांतून धूत बसू नका.

मोंढ्यावरून धान्य घेताना

ज्वारी वर्षाची एकदम भरणारी घरं अजून आहेत. ज्यांच्या शेतात आता कपाशी आणि सोयाबीनच आहे, ते मोंढ्यावरून किंवा किराणा दुकानातून घेतात. आपल्या जिल्ह्यातल्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चवीला ती छानच असते. पण साखरेच्या दृष्टीने दगडी, शाळू किंवा मालदांडी यांत निवड करत बसायचं कारण नाही. तुमच्या घरी जी आवडते, परवडते ती घ्या. "शुगर-फ्री आटा", "डायबेटिक आटा" अशा नावांच्या महाग पिशव्यांचीही गरज नाही. तेच पैसे भाजीवर घाला.

घरचं सोयाबीन असेल तर गव्हात मिसळून दळता येतं, दहा वाट्या गव्हाला एक वाटी पुरते. पण कच्चं सोयाबीन दळू नका. ते नीट पचत नाही. आधी उकळून, वाळवून, भाजून घ्या. आणि पेरणीनंतर बियाण्याच्या पिशवीत उरलेलं बी, मग ते सोयाबीन असो, ज्वारी असो की मका, खाण्यासाठी कधीही वापरू नका. जालना बियाण्यांचं गाव आहे, घरोघरी अशा पिशव्या असतात. त्या बियांना लावलेलं रंगीत औषध धुऊन जात नाही. कोंबड्यांनाही घालू नका.

आठवडी बाजाराची पिशवी

माणशी ४०० ग्रॅम भाजीचा हिशोब केला तर पाच जणांच्या घराला आठवड्याला १४ किलो भाजी लागते. "आठवड्याची भाजी किती आणता?" असं विचारलं की उत्तर बहुधा चार-पाच किलो असं येतं, आणि त्यातही दोन किलो बटाटे असतात. बटाटा, रताळं ही भाजी धरू नका, त्यांचा हिशोब भाकरीत करा. १४ किलोचा आकडा बघून घाबरू नका. आज जेवढी भाजी येते तिच्या दुप्पट आणायची, एवढंच पहिल्या महिन्याचं काम.

"डॉक्टर, भाजी दोन दिवसांत सडते" ही तक्रार खरी आहे. बाजार आठवड्यातून एकदा, आणि फ्रीज असला तरी वीज असेलच असं नाही. म्हणून भाजी ज्या क्रमाने खराब होते त्या क्रमाने संपवायची. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाज्या: मेथी, शेपू, चुका, अंबाडी, पावसाळ्यात तांदुळजा आणि घोळ. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवल्या तर तिसरा दिवसही निघतो. मधले दोन-तीन दिवस वांगी, दोडका, गवार, भेंडी, कारली. शेवटी कोबी, दुधी, गाजर, मुळा. लाल भोपळा तर न कापता महिनाभरही राहतो. बाजाराच्या आदल्या दिवशी पिशवी रिकामी असते. त्या दिवसासाठी मटकी किंवा मूग मोड आणून ठेवायचे. उसळ आणि कांदा-टोमॅटो-काकडीची कोशिंबीर केली की तो दिवस निघाला.

संध्याकाळी बाजार उठता उठता भाव उतरतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पालेभाजी तेव्हा घ्यायला हरकत नाही, फक्त ती त्याच रात्री करा.

खरी अडचण उन्हाळ्यात येते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पालेभाजी महागते आणि मिळते तीही सुकलेली. त्या दोन महिन्यांत भाजीची जागा पापड-कुरडया घेतात, म्हणजे मीठ आणि पिठूळ पदार्थ वाढतात. त्याऐवजी मोड आलेली कडधान्यं, काकडी, कांदा, शेवग्याच्या शेंगा, शेवग्याचा पाला, दुधी आणि बिनमिठाचं पातळ ताक यांवर भर द्या. शेवग्याचं झाड बऱ्याच घरांच्या दारात असतं आणि पाला फुकट जातो. हिवाळ्यात मात्र कसर भरून काढा. कोवळ्या मेथीचा किंवा पातीच्या कांद्याचा घोळाणा, गाजर, मुळा, हरभऱ्याची भाजी. घोळाण्यात दाण्याचा कूट आणि तेल मोजून घाला म्हणजे झालं.

मोसंबी आणि द्राक्षं

मोसंबी हे आपल्या जिल्ह्याचं फळ, त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. पेशंट ॲडमिट झाला की भेटायला येणाऱ्यांच्या हातात मोसंबीची पिशवी असते आणि मग दिवसातून तीनदा रस काढून पाजला जातो. मधुमेहात एक मोसंबी सोलून, फोडींसकट खाल्ली तर चालते. पण एका ग्लास रसाला तीन-चार मोसंबी लागतात. चोथा टाकून तेवढी साखर दोन मिनिटांत पोटात जाते. रस फक्त साखर खाली आली असेल तेव्हाच, औषध म्हणून. कडवंचीकडची द्राक्षं हंगामात घरी आली तर दहा-बारा मणी घ्या, घड नाही. सीताफळ छोटं असेल तर अर्धं. पेरू, जांभूळ, पपईची फोड त्यामानाने बरी. फळ जेवणावर लगेच नको, दोन जेवणांच्या मध्ये खा.

तेल आणि मीठ: दुकानाच्या यादीतून मोजा

स्वयंपाक करताना चमचा कोणी मोजत नाही, आणि मोजा म्हणून सांगण्यात अर्थही नाही. महिन्याच्या किराण्यावरून हिशोब सोपा होतो. २७ ग्रॅमच्या मापाने पाच माणसांना महिन्याला चार किलो तेल, तूप धरून. म्हणजे १५ किलोचा डबा साडेतीन महिन्यांवर पुरायला हवा. तो दोन महिन्यांत रिकामा होत असेल तर घरात मापाच्या जवळपास दुप्पट तेल जातंय. वजन आणि साखर दोन्ही वाढलेल्या, बैठं काम करणाऱ्या पेशंटला मी याहून कमी, महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर एवढंच सांगतो.

आपल्याकडचं लपलेलं तेल म्हणजे शेंगदाणे. वांग्याच्या भाजीत कूट, आमटीत कूट, चटणी दाण्याची, वर भुरका. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम दाण्यांतून १२ ग्रॅमच्या आसपास तेल जातं. दाणे वाईट नाहीत, त्यांत प्रथिनंही भरपूर आहेत. पण ज्या भाजीत कूट आहे तिची फोडणी निम्म्या तेलाची करा. मटणाच्या रश्श्यावरची तर्री ज्याला मधुमेह आहे त्याच्या वाटीत येऊ देऊ नका. तळाचा रस्सा आणि फोडी वाढा.

मधुमेहाच्या बऱ्याच पेशंटना रक्तदाबही असतो, म्हणून मिठाचा हिशोबही करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाच जणांना महिन्याला ७५० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी ४० दिवस. तुमची पिशवी किती दिवस जाते ते तारीख टाकून बघा. लोणच्याच्या हंगामातलं मीठ वेगळं धरा, पण लोणचं ताटात येतंच हे विसरू नका. ठेच्यातली मिरची रक्तदाब वाढवत नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली तिखट मिरची असली तरी नाही. ठेच्यातलं खडा मीठ मात्र वाढवतं. ठेचा करा, मीठ निम्मं करा, लिंबू पिळा.

सैंधव मीठ बिनधोक असतं हा गैरसमज आहे. तेही मुख्यतः तेच मीठ, आणि त्यात आयोडीन घातलेलं नसतं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. ज्यांचं क्रिएटिनिन वाढलं आहे किंवा ज्यांना टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू आहे, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. किडनीचा आजार असलेल्या पेशंटसाठी डाळ, पालेभाज्या आणि फळांचं मापही वेगळं असतं, या लेखातलं माप त्यांनी घेऊ नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी घेणाऱ्यांनीही पालेभाजी एकदम दुप्पट करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.

चहा

दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम. महिन्याला एका माणसाची सव्वा किलो साखर नुसत्या चहातून जाते. इतर सगळी पथ्यं पाळून साखर हलत नसेल तर मी आधी चहा विचारतो. ज्याच्या-त्याच्या घरी गेलं की अर्धा कप घ्यावाच लागतो, नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, हे मला कळतं. घरचा चहा बिनसाखरेचा करा, म्हणजे बाहेरचा एखादा निभतो. गूळ घातला तर चालतो का, असं रोज कोणीतरी विचारतं. चालत नाही. गुळाने साखर साखरेसारखीच वाढते, मधानेही.

ताटात वाढताना

ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, एक शिजवलेली आणि एक कच्ची. पाव भाग वरण, उसळ, पिठलं, अंडी किंवा मासे-चिकन. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. वरण घट्ट असावं. पाच जणांत वाटीभर डाळीचं पातळ वरण केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन चमचे डाळ येते. आधी कोशिंबीर, भाजी आणि वरण निम्मं खाऊन मग भाकरीला हात लावला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हे करायला पैसा लागत नाही. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, अंगणात चाललात तरी चालेल.

हेच ताट घरातल्या सगळ्यांसाठी चांगलं आहे, म्हणून वेगळा स्वयंपाक नको. वाढत्या वयाच्या मुलांना आणि कष्टाचं काम करणाऱ्यांना भाकरी जास्त वाढा, एवढाच फरक.

कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड यांबद्दल एवढंच सांगतो की भाजी म्हणून कारलं आणि मेथी भरपूर खा, पण त्यांच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

घरात मधुमेह तिला असेल तर

हा भाग सगळ्यांनी वाचा.

आई, सासूबाई किंवा घरातली सून पेशंट असते तेव्हा वर लिहिलेलं सगळं उलटं होतं. ती स्वतःच स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते आणि उरेल ते खाते. भाजी संपलेली असते, मग चटणी-भाकरी. वरण तळाला असतं. जेवण होतं एक-दोन वाजता, कधी तीन वाजता. आणि सकाळची गोळी तिने सहा वाजता चहाबरोबर घेतलेली असते, कारण चिठ्ठीवर "सकाळी" असं लिहिलं होतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन, तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत. ते आपलं काम करून साखर उतरवतात. सहाला गोळी, मग स्वयंपाक, धुणं, शेताची वाट, दोन-तीन तास कपाशी वेचणं आणि पोटात फक्त चहा. अकराच्या सुमाराला तिला दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. शेतात याला "ऊन लागलं", "चक्कर आली" असं म्हटलं जातं. कधी ती चिडचिड करते, असंबद्ध बोलते. तेव्हा "काहीतरी बाहेरचं झालं" म्हणून नको तिथे नेलं जातं. म्हाताऱ्या माणसांत तर घाम-थरथर काहीच दिसत नाही, माणूस फक्त गोंधळल्यासारखा वागतो किंवा झोपाळू होतो. साखर ७० च्या खाली गेली की आम्ही तिला कमी झालेली साखर म्हणतो. फार खाली गेली तर झटके येतात, माणूस बेशुद्ध होतो आणि वेळेत साखर मिळाली नाही तर जीवही जाऊ शकतो.

मशीन जवळ नसेल आणि शंका असेल तर मोजण्यासाठी थांबू नका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, किंवा अर्धा ग्लास मोसंबीचा रस. इथे बिस्किट, चॉकलेट किंवा भाकरी उपयोगाची नाही, ती उशिरा पचते. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही किंवा साखर अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या. बरं वाटल्यावर भाकरी-भाजी खायला घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. एका कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. आणि बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ राहतो, काही तासांनी साखर पुन्हा उतरू शकते.

हे टाळायला फार काही लागत नाही. गोळी चहाबरोबर नाही, जेवणाबरोबर. गोळ्यांचं पाकीट चहाच्या डब्याजवळून काढून भाकरीच्या टोपल्याजवळ ठेवा. सकाळी आठच्या आत काहीतरी खाल्लं गेलंच पाहिजे. रात्रीची अर्धी भाकरी आणि दही किंवा वरण पुरे, त्यासाठी नाश्त्याचा वेगळा घाट नको. शेतात जाताना पदरात किंवा पिशवीत साखरेची पुडी असू द्या, आणि ती कशासाठी आहे हे सोबतच्या एका बाईला सांगून ठेवा. तिच्या ताटाची भाजी आणि वरण आधीच वेगळं काढून ठेवा. हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी असलं पाहिजे. तिच्यावर सोपवलं तर ते होणार नाही.

फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर अशी उतरण्याचा धोका फार कमी असतो. तुमच्या चिठ्ठीवर कोणती गोळी आहे हे औषधवाल्याकडून किंवा डॉक्टरांकडून समजून घ्या. आणि हे वाचून गोळी स्वतःच्या मनाने बंद किंवा कमी करू नका. जेवणाची वेळ खरंच पाळता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. साखर एकदम न उतरवणारी दुसरी औषधं आहेत.

उपवास आणि रोजे

एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर ३०० वर गेलेले पेशंट दुसऱ्या दिवशी येतात, आणि निरंकार उपवास करून साखर ५० वर आलेलेही येतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाही नसतात. उपवास करायचाच असेल तर वाटीभर भगर, त्यासोबत दही, काकडी, थोडे दाणे, राजगिरा असं वेळेवर खा. नवरात्राचे नऊ दिवस किंवा कडक उपवास करणार असाल तर आधी येऊन गोळ्यांची मात्रा ठरवून घ्या.

रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनी महिना-दीड महिना आधी भेटावं. किडनीचा आजार, गरोदरपण, दिवसातून अनेकदा इन्सुलिन किंवा गेल्या काही महिन्यांत साखर खूप उतरल्याचा प्रसंग असेल तर रोजा न ठेवण्याचाच सल्ला आम्ही देतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. लांबलेला उपवास आणि कमी पाणी यांत तिचा वेगळा धोका असतो. सहरी शक्य तितकी उशिरा करा, त्यात डाळ किंवा अंडी असू द्या. इफ्तारला एक-दोन खजूर पुरेत, सरबत आणि तळलेलं कमी. रोज्यात बोटाला टोचून साखर तपासायला हरकत नाही. उपवास असो की रोजा, साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर तो तिथेच सोडावा.

तपासणीला येताना

रिपोर्टसोबत एक कागद आणा. त्यावर तीन गोष्टी हव्यात: एका किलो पिठाच्या भाकरी किती होतात, तेल आणि मिठाची पिशवी किती दिवस गेली, आणि मागच्या आठवड्यात गोळी कधी घेतली व जेवण कधी झालं त्याच्या वेळा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी वर्षातून निदान दोनदा करा. अनेक पेशंटसाठी ती सातच्या आत ठेवायची असते, वय जास्त असेल किंवा साखर वारंवार उतरत असेल तर आम्ही थोडी सूट देतो. तीस वर्षांवरच्या घरातल्या बाकीच्यांची रक्तदाब आणि साखरेची प्राथमिक तपासणी गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. पेशंटला घेऊन याल त्या दिवशी तीही करून घ्या.